पाव मैलाची वाट



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बोनस, किमान वेतन, ग्रॅच्युइटी हे विषय सोडून मोटारींच्या शर्यतीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मोटारशर्यत म्हटली की डोळ्यांपुढे श्रीमंतांची पोरे येतात, परदेशातून जहाजाने आणलेल्या कोट्यवधी रुपयांच्या गाड्या येतात. परंतु मला ज्या शर्यतीविषयी सांगावयाचे आहे, तिचा जन्म श्रीमंताच्या दारी झालेला नाही. ती गॅरेजात, भंगाराच्या ढिगाऱ्यात आणि लेथ मशीनच्या बाजूला जन्मली. स्वस्तातली, जुनी, दुसऱ्या देशात तयार झालेली गाडी घ्यावी, ती आपल्या हातांनी उघडावी, तिचे वजन उतरवावे, इंजिनाचा दम वाढवावा आणि सरळ रेषेत पाव मैल पळवून तिची परीक्षा घ्यावी, असा हा खेळ आहे. इंग्रजीत त्याला ‘ड्रॅग रेस’ म्हणतात. आपल्या पोरांच्या तोंडी आता हाच शब्द बसला आहे.

या खेळाचा इतिहास मी आज थोडक्यात मांडणार आहे. केवळ करमणूक म्हणून तो सांगावा, एवढी फुरसत मला नाही आणि आपल्यालाही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर रात्री जे घडते त्याचा आणि या इतिहासाचा निकट संबंध आहे, म्हणूनच मी हा विषय घेतला.

आरंभ मी घरापासूनच करतो. शंकरपट आपल्याला नवा नाही. धान घरात आले, थंडी पडली, की झाडीपट्टीत मंडई भरते, पट भरतो. दिवसा बैलजोड्या धावतात आणि रात्री नाटक रंगते. शंकरपटात वळण नाही, फेरी नाही. एक हलकी छकडी, तिला जुंपलेली जोडी आणि वर एक धुरकरी. इशारा झाला की सरळ धावायचे आणि शेवटच्या रेषेवर घड्याळ थांबायचे. जोडीला किती वेळ लागला ते पूर्वी हातातल्या घड्याळावर मोजत, आता विजेच्या यंत्रावर सेकंदाच्या शतांश भागापर्यंत मोजतात. सारा खेळ निघण्याच्या क्षणात आहे. पहिल्या दहा पावलांत जी जोडी मागे पडली, तिला पुढे गाठणे कठीण. ड्रॅग रेसचे स्वरूप हुबेहूब हेच आहे. बैलांच्या जागी इंजिन आले, एवढाच काय तो फरक.

हे साम्य मी ओढून-ताणून आणलेले नाही. अमेरिकेत ‘क्वार्टर हॉर्स’ नावाची घोड्याची एक जात आहे. ‘क्वार्टर’ म्हणजे पाव. पाव मैलाच्या धावेत हा घोडा कोणाला हार जात नसे, म्हणून त्याला हे नाव पडले. व्हर्जिनियात वसाहत करणाऱ्या लोकांजवळ विलायतेसारखी लांब-रुंद मोकळी मैदाने नव्हती. चोहीकडे रान होते. ते रान तोडून त्यांनी अरुंद, सरळ वाटा काढल्या आणि त्या वाटांवर दोन-दोन घोडे पळवले. जंगलात राहणाऱ्या माणसाला सरळ धावेची शर्यत का जवळची वाटते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पुढे मोटारींच्या शर्यतीलाही तेच पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, माप कायम झाले.

आता मोटारीकडे येऊ. हेन्री फोर्डच्या कारखान्यातून १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाहेर पडली आणि १९२७ पर्यंत तिचे उत्पादन चालले. या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. प्रारंभी सव्वाआठशे डॉलरच्या घरात असलेली तिची किंमत १९२५ च्या सुमारास २६० डॉलरपर्यंत उतरली. एवढ्या गाड्या निघाल्या, तेव्हा त्या जुन्याही तेवढ्याच झाल्या. शेतकऱ्यांच्या गोठ्यामागे, भंगारवाल्यांच्या अंगणात त्यांच्या रांगा लागल्या. ज्या तरुणाजवळ नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, त्याने ही मोडकी गाडी नाममात्र किमतीत घेतली. तिचे इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे. परंतु ते साधे होते, उघडायला सोपे होते आणि त्याचा सुटा भाग गावोगाव मिळत होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या फोर्ड गाडीचा वेग वाढविण्यासाठी जे सिलिंडर हेड त्या काळी नावाजले गेले, त्यातले एक ‘फ्रंटेनॅक’ नावाचे होते आणि ते शेवरोले बंधूंनी बनविलेले होते. लुई शेवरोले हा मुळात मिस्त्री आणि शर्यतीचा चालक. त्याच्या नावाने निघालेली मोटार कंपनी पुढे फोर्डची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी झाली, पण ती कंपनी तोवर त्याच्या हातून गेली होती. आपले नाव दुसऱ्यांच्या मालकीच्या गाडीवर झळकत असताना तो फोर्डच्या जुन्या इंजिनांना नवे डोके बसवीत होता! भांडवल आणि कौशल्य यांचे नाते कसे असते, हे समजण्यासाठी मला कोणत्याही ग्रंथाची गरज वाटली नाही. हे एक उदाहरण पुरेसे आहे.

१९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचे इंजिन असलेली गाडी साधारण माणसाच्या आवाक्यातल्या किमतीत बाजारात आणली. ६५ अश्वशक्तीचे हे इंजिन काही वर्षांतच भंगारात मिळू लागले आणि कॅलिफोर्नियातील पोरांच्या हाती जणू घबाडच लागले. गाडीचे मडगार्ड काढ, टप काढ, मागची बैठक काढ, जे जे पळण्याच्या कामाचे नाही ते ते काढून टाक, असा त्यांचा धडाका होता. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. व्हिक एडेलब्रॉक नावाच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रीने या इंजिनासाठी दोन कार्बोरेटरचे नवे मॅनिफोल्ड स्वतः तयार केले. त्याच्या छोट्याशा दुकानातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

ही पोरे गाड्या पळवीत तरी कोठे? लॉस एंजेलिसच्या पलीकडे वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत. पावसाळ्यात थोडे पाणी साचते आणि उन्हाळ्यात तळ पाटीसारखा सपाट व कडक होतो. तेथे ती जमत. पहिल्या-पहिल्यांदा गोंधळच गोंधळ होता. धुळीच्या लोटात एकमेकांच्या गाड्या दिसत नसत. तेव्हा १९३७ साली निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन एक संघटना काढली. वेळ मोजण्याची यंत्रे आणली, गाड्यांचे वर्ग पाडले, धावण्याआधी गाडी तपासण्याचा नियम केला. संघटनेचे महत्त्व मला या सभेत सांगण्याचे कारण नाही, पण ते पाहून माझा ऊर भरून येतो. कोणा सरकारी साहेबाने हुकूम सोडला नव्हता. ग्रीसने हात काळे झालेल्या पोरांनी आपल्या जिवासाठी आपणच नियम केले.

मग दुसरे महायुद्ध आले. म्युरॉकचे तळे लष्कराने घेतले. पोरे सैन्यात गेली आणि विमानांची व रणगाड्यांची इंजिने खोलायला शिकून परत आली. लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावण्याच्या पेट्रोलच्या जादा टाक्या युद्धानंतर कवडीमोलाने विकल्या जात होत्या. पाण्याच्या थेंबासारखा त्यांचा आकार. १९४६ साली बिल बर्क नावाच्या तरुणाने अशा एका टाकीत इंजिन बसविले, चाके लावली आणि तिचीच मोटार केली. मरणाच्या कारखान्यातला माल त्याने खेळाच्या कामी आणला.

परंतु तळी शहरापासून लांब होती आणि दर शनिवारी तेथे जाणे प्रत्येकाला परवडत नव्हते. तेव्हा शर्यती रात्रीच्या सार्वजनिक रस्त्यांवर होऊ लागल्या. अपघात झाले, माणसे मेली. वर्तमानपत्रांतून या पोरांवर गुंडगिरीचा शिक्का बसला आणि हॉट रॉडवर बंदी घाला अशी ओरड सुरू झाली. या वेळी दोन मार्ग समोर होते. एक काठीचा आणि दुसरा मैदानाचा. १९५० साली कॅलिफोर्नियात सान्ता आना येथे विमानतळाच्या एका न वापरल्या जाणाऱ्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट आणि त्याच्या सोबत्यांनी तिकीट लावून नियमित शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी, १९५१ साली, वॉली पार्क्स याने राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली. १९५३ च्या एप्रिलमध्ये पोमोना येथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली आणि १९५५ साली कॅन्सस राज्यात ग्रेट बेंड येथे, महायुद्धात बांधलेल्या एका विमानतळावर, पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्याच सुमारास संघटनेची काही माणसे मोटारीला एक डबा जोडून गावोगाव हिंडली. स्थानिक पोलिसांना आणि क्लबांना बरोबर घेऊन मैदान कसे आखावे, गाडी कशी तपासावी, प्रेक्षक किती अंतरावर उभे करावे, हे त्यांनी शिकविले. युद्धाने मागे टाकलेल्या धावपट्ट्या अशा रीतीने कामी आल्या.

आपल्या देशातही याच प्रकारची एक गोष्ट घडली आहे. मद्रासच्या मोटारशौकिनांनी १९५३ साली क्लब काढला आणि शोलावरम येथील महायुद्धातल्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरविल्या. पुढे १९९० साली त्यांनी इरुंगाट्टुकोट्टाई येथे स्वतःचे पक्के मैदान उभे केले. आज मोटारसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा त्या मैदानावर होतात.

आता ‘परदेशी गाडी’ या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर लहान, कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्यांना मागणी वाढली. पंधरा-वीस वर्षांत त्याही जुन्या झाल्या आणि स्वस्त झाल्या. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी कुटुंबांतील मुलांच्या घरी आईबापांच्या हातची होंडा सिव्हिक असे. मोठ्या आठ सिलिंडरच्या गाड्या पळविणारे लोक या चार सिलिंडरच्या गाड्यांना हसत. १९९० साली पामडेलच्या मैदानावर या मुलांनी केवळ आयात गाड्यांची स्पर्धा भरविली आणि पुढच्या दहा वर्षांत हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली. जपानात जुन्या गाडीची सक्तीची तपासणी इतकी खर्चाची असते, की बरे चाललेले वाहनही लोक लवकर काढून टाकतात. तेथील चांगली इंजिने परदेशी बाजारात जुन्याच्या भावाने येत. ती विकत घेऊन या मुलांनी आपल्या गाड्यांत बसविली. म्हणजे १९२० च्या दशकातली मॉडेल टी आणि १९९० च्या दशकातली सिव्हिक यांची कथा एकच आहे. ज्याच्या खिशात पैसा कमी, त्याने बाजाराने टाकून दिलेली वस्तू उचलली आणि हाताच्या कसबाने तिची किंमत वाढविली.

आपल्याकडे हा दरवाजा निराळ्या पद्धतीने उघडला आणि मिटला. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने येत आणि आपले कामगार ते जोडीत. फोर्डनेही तसाच व्यवसाय मांडला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला कारखाना चालू झाला. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरविले, की नुसते जोडकाम पुरे, आता गाडी येथेच घडली पाहिजे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर ज्यांना येथे भाग बनवायचे नव्हते त्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि १९५४ साली शिवडीचे जोडकाम थांबले. त्या धोरणाने देशात कारखानदारी वाढली हे खरे. पण मोटार ही वस्तू दुर्मिळ झाली हेही तितकेच खरे. लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत बसले.

या दुर्मिळतेतून एक असे धन निपजले, की ज्याची मोजदाद कोणत्याही अंदाजपत्रकात झाली नाही. ते म्हणजे भारतीय मिस्त्री. नवा भाग मिळत नाही, तेव्हा जुना भाग वेल्डिंग करून, लेथवर फिरवून, दुसऱ्याच गाडीचा भाग घासूनपुसून बसवून त्याने गाडी चालती ठेवली. महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघालेल्या लष्करी जीपा आणि ट्रक या मिस्त्रींनी कित्येक वर्षे पळविले. रानातून लाकूड, बांबू आणि कोळसा वाहणाऱ्या गाड्या ज्या मुलखात बिघडतात, त्या मुलखात कंपनीचे दुकान शंभर मैलांवर असते. तेथे झाडाखाली गिअरबॉक्स उतरवणारा माणूस हाच कारखाना असतो. आमच्या भागातल्या जुन्या मिस्त्रींनी इंजिनाचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह बिघडला ते सांगावे, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

१९८० च्या दशकात जपानी यंत्रे या देशात नव्या रीतीने आली. १९८२ साली मारुतीचा सुझुकीशी करार झाला आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. किंमत ४७,५०० रुपये. १९८५ च्या अखेरीस यामाहाची आरएक्स १०० ही मोटारसायकल आली आणि १९९६ पर्यंत निघत राहिली. इंजिन अवघे ९८ घन सेंटिमीटरचे, शक्ती ११ अश्वशक्तीची आणि गाडीचे वजन सुमारे १०० किलो. तिच्या दोन-स्ट्रोक इंजिनाचा आवाज आजही गल्लीत घुमला की पन्नाशीचा माणूससुद्धा वळून पाहतो. आपल्या देशातल्या ड्रॅग शर्यतींत या गाडीने जेवढे नाव मिळविले, तेवढे क्वचितच दुसऱ्या गाडीने मिळविले असेल. खरी आयात केलेली जुनी मोटार आणू म्हटले, तर तीन वर्षांहून जुनी गाडी आणण्यास मनाई आहे आणि त्याहून नवीला जकात इतकी जबर, की किंमत दुपटीच्या वर जाते. तेव्हा गरिबाच्या पोराची ‘परदेशी गाडी’ म्हणजे जपानी आराखड्याची आणि देशी बनावटीचीच.

अशी गाडी घडते कशी, तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यातच या कसबाचे मर्म आहे. सरळ शर्यतीत इंजिनाच्या शक्तीइतकेच वजनाला महत्त्व असते. सुरुवातीच्या मारुती ८०० चे वजन सुमारे ६५० किलो आणि शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती. ६० किलोचा चालक धरला तर एकूण ७१० किलो ओढायचे. आता मागची बैठक, जादा चाक, गालिचा, दारांची अस्तरे काढून ७० किलो कमी केले, तर ६४० किलो उरतात. हिशेब करून पाहा. इंजिनाला हात न लावता, ३७ ची ४१ अश्वशक्ती केल्याइतका हा लाभ आहे आणि त्याला पाना व दोन दिवसांची मजुरी एवढाच खर्च. मग टायर. शक्ती कितीही असो, चाक जागेवर फिरले तर ती धुरात जाते. मग क्लच आणि गिअर. त्यानंतर कार्बोरेटर, सायलेन्सर, सिलिंडर हेड घासून दाब वाढविणे, कॅमशाफ्ट बदलणे. जाणता मिस्त्री हा क्रम पाळतो, पण या सर्वांच्या आधी तो ब्रेक पाहतो. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, पट्टा, हेल्मेट आणि आग विझविण्याचे साधन यांत काटकसर करायची नसते.

स्वस्त गाडीने महागड्या गाडीशी सामना कसा द्यावा, यावरही या खेळाने तोड काढली आहे. आपली गाडी किती सेकंदांत धावेल ते प्रत्येकाने आधी जाहीर करायचे. मंद गाडीला तेवढा वेळ आधी सोडायचे. जाहीर केलेल्या वेळेहून जो अधिक लवकर पोहोचला तो बाद. अशा शर्यतीत पैशाची मात्रा चालत नाही, आपले यंत्र किती अचूक ओळखले आहे त्यावर निकाल लागतो. पटातही जोड्यांचे गट पाडतात, ते याच न्यायबुद्धीने. स्त्रियांनाही येथे मज्जाव नाही. शर्ली मलडाउनी या बाईने १९७७ साली अमेरिकेतल्या सर्वांत वेगवान गटाचे अजिंक्यपद जिंकले आणि अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात आमच्या शेतकरी भगिनीही छकडी हाकतात.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ही आवड आहे, हे कसब आहे, पण मैदान नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या, परंतु चंद्रपूरच्या पोराला तेथे जाण्याचे भाडे, प्रवेश फी आणि तीन-चार दिवसांचा बुडालेला रोज कसा परवडणार? मग तो रात्री रिकाम्या रस्त्यावर उतरतो. त्याच रस्त्यांवर कोळशाचे आणि लोहखनिजाचे ट्रक चालतात. वळणावर रानडुक्कर आडवे येते, गुराखी गाईम्हशी घेऊन परततो. एका छोट्या गॅरेजात कामाला असलेला, बावीस वर्षांचा, अतिशय हुशार हाताचा एक मुलगा काही वर्षांपूर्वी असाच गेला. मोटारसायकलचे सिलिंडर त्याने स्वतः वाढवून घेतले होते. धाव त्याने जिंकली, पण थांबायला पुढे रस्ता उरला नाही. जितके धावायचे तितकेच थांबायलाही लागते, हे मैदान आखणाऱ्याला ठाऊक असते. सार्वजनिक रस्त्याला ते ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याला ‘स्टंटबाज’ म्हटले. त्याच्या आईला कामगार विम्याचा पैसाही मिळाला नाही. गॅरेजात तीनच माणसे कामाला होती, आणि दहांहून कमी माणसांच्या दुकानाला तो कायदा लागू होत नव्हता.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीकृत गाडीची मूळ रचना मनास येईल तशी बदलण्यासही ५२ व्या कलमाने मनाई आहे. हे दोन्ही नियम योग्यच आहेत. त्यांना माझा विरोध नाही. परंतु १८९ व्या कलमातच असेही शब्द आहेत, की राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावली तर तो गुन्हा. म्हणजे संमतीची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे. त्या वाटेने जाण्यासाठी अर्ज करणारी संघटना आपल्याकडे नाही, एवढेच.

या बाबतीत आपल्या शेतकऱ्यांनी घालून दिलेला धडा फार मोलाचा आहे. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. पट बंद पडले. पण गावकरी हातावर हात ठेवून बसले नाहीत आणि सगळेच चोरून शर्यती लावीत राहिले असेही नाही. मागणी झाली, २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, पुन्हा न्यायालयात अडले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आज पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची तपासणी होते, चाबूक-तुतारीला बंदी आहे. मुक्या जनावराच्या जिवाची काळजी घेऊन खेळ चालू ठेवता येतो, हे आपण सिद्ध केले. मग माणसाच्या पोराच्या जिवाची काळजी घेऊन तो का चालविता येऊ नये?

मोरव्याची धावपट्टी विमानांसाठी आहे, ती आम्हाला नको. औद्योगिक वसाहतीतला एखादा सरळ, दोन्ही बाजूंनी बंद करता येणारा, किलोमीटरभराचा रस्ता महिन्यातून एका रविवारी चार तास मिळावा. रुग्णवाहिका उभी असावी, पोलीस असावेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या शिक्षकांनी प्रत्येक गाडी तपासावी, हेल्मेटवाचून कोणालाही रेषेवर उभे करू नये आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचा विमा असावा. यासाठी फार पैसा लागत नाही. सान्ता आनाच्या पोरांजवळ आपल्याहून अधिक काही नव्हते. त्यांच्याजवळ एक संघटना होती आणि त्यांचे ऐकून घेणारे गाव होते. संघटना उभी करण्याचे काम माझ्यासारख्यांचे आहे, ते आम्ही अंगावर घेतो. गॅरेजात काम करणाऱ्या मुलांची नावनोंदणी आम्ही सुरू केली आहे. ऐकून घेणारे गाव मात्र आपण व्हायचे आहे. नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत आणि आपापल्या घरी हा विषय निघेल तेव्हा ‘उनाड पोरे’ एवढे बोलून तो संपवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.